धोटा आणि बंदूक

कॉलेजांत मुलें पाठवावयाचीं तीं पुस्तकें वाचण्याकरितां, कवाईत करण्याकरितां नव्हे, असें म्हणणारा एक पक्ष आपल्याकडे आहे; आणि विद्यार्थ्याच्या खांद्यावर बंदूक आली म्हणजे राष्ट्राचीं सर्व दुखणीं बरीं होतील, असें मानणारा दुसराही पक्ष आहे. धंदेशिक्षणाची गोष्ट तशीच. कापड विणणें हें साळ्या-कोष्ट्यांचें वंशपरंपरागत काम, त्यास पदवी कशाला हवी, असें कांहीं म्हणतात. तर कांहींच्या मतें एकदां यंत्रशाळेची इमारत उभी राहिली कीं गांवची बेकारी आपोआप संपावी. हे वाद इतके जुने झाले आहेत कीं, दोन्ही बाजूंचे वक्ते आपापलें भाषण पाठ म्हणतात आणि पुरावा पाहण्याची तसदी कोणीच घेत नाहीं. म्हणून आज आम्ही एका परक्या देशांतील संस्थेचें दप्तर वाचकांपुढें उघडून ठेवीत आहों. कवाईत आणि कापड हीं दोन्ही तेथें एकाच आवारांत, एकाच विद्यार्थ्यास, साठ वर्षांच्या आसपास शिकविलीं गेलीं. त्यांतून काय निघालें आणि काय निघालें नाहीं, हें पाहण्यासारखें आहे.

दक्षिण कॅरोलिना हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं एक लहानसें संस्थान. मुंबईच्या व्यापाऱ्यास तें अपरिचित वाटेल, परंतु मुंबईच्या इतिहासांतून तें काढून टाकतां यावयाचें नाहीं. १८६० च्या डिसेंबरांत संयुक्त संस्थानांतून सर्वांच्या आधीं फुटून निघालें तें हेंच. आणि १८६१ च्या एप्रिलांत यादवीचा पहिला तोफगोळा उडाला तोही ह्याच संस्थानच्या चार्ल्स्टन बंदरांत. दक्षिणेचा कापूस अडकून पडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या, आणि वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथील कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला, कागदी कंपन्यांचें पीक माजलें. आणि १८६५ सालीं दक्षिणेनें शस्त्रें खालीं ठेवल्याची वार्ता येतांच तोच पूर ओसरून प्रेमचंद रायचंदांसारखे मातबर सावकारही कोरडे पडले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडच्या शेअरवेडाच्या कथा ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांस त्या कथेचा दुसरा अर्धा भाग कोठें घडला हें ठाऊक असलेलें बरें.

युद्ध हरलेल्या त्या प्रांताजवळ उरलें काय? कापूस उरला, थकलेली जमीन उरली, कायद्यानें मुक्त पण जमिनीवांचून राहिलेला काळा शेतमजूर उरला, आणि कर्जांत बुडालेला गोरा शेतकरी उरला. कापूस पिकवावा आपण, तो कातावा-विणावा मॅसॅच्युसेट्सनें अथवा मँचेस्टरनें, आणि तेंच कापड चढ्या भावानें परत विकत घ्यावें आपण! हें रडगाणें आमच्या वाचकांस नवें नाहीं. दादाभाई आणि रानडे ह्यांनीं तें आकडे मांडून सांगितलेलें आहे. फरक इतकाच कीं, त्या प्रांतांतील लोकांच्या हातीं त्यांचें कायदेमंडळ होतें. आमच्या हातीं त्या वेळीं अर्जापलीकडे कांहीं नव्हतें.

आतां त्या संस्थेकडे येऊं. टॉमस ग्रीन क्लेम्सन हा मूळचा फिलाडेल्फियाचा, जन्म १८०७ चा. पॅरिसमध्यें खनिजविद्या शिकलेला, बेल्जममध्यें अमेरिकेचा वकील म्हणून राहिलेला, रसायन आणि शेती ह्या दोन विषयांचा नाद असलेला गृहस्थ. १८३८ सालीं त्यानें जॉन कॅल्हून ह्यांच्या मुलीशीं लग्न केलें. कॅल्हून म्हणजे संयुक्त संस्थानांचा एके काळचा उपाध्यक्ष आणि गुलामगिरीचा सर्वांत बुद्धिमान कैवारी. जांवईही गुलामांचा मालक होता, ही गोष्ट पडद्याआड ठेवण्याचें कारण नाहीं. १८७१ सालीं सतरा दिवसांच्या अंतरानें त्याचीं दोन्ही मोठीं मुलें गेलीं, १८७५ सालीं पत्नी गेली. निपुत्रिक झालेल्या त्या वृद्धानें १८८६ च्या नोव्हेंबरांत मृत्युपत्र केलें आणि सासऱ्याच्या फोर्ट हिल नांवाच्या इस्टेटीची ८१४ एकर जमीन व सुमारें ऐशी हजार डॉलरांची पुंजी शेतकी व यांत्रिक विद्येचें कॉलेज काढण्यासाठीं संस्थानास देऊन ठेविली. ६ एप्रिल १८८८ रोजीं तो वारला.

इस्टेट म्हटली कीं दावा आलाच. नातीच्या वतीनें मृत्युपत्रास हरकत घेण्यांत आली. १८८९ सालीं खालच्या फेडरल न्यायालयानें आणि १८९० सालीं तेथील सुप्रीम कोर्टानें मृत्युपत्र उचलून धरलें. आमचा धंदा वकिलीचा असल्यामुळें ह्या दस्ताची एक खुबी वाचकांच्या नजरेस आणून देण्याचा मोह आवरत नाहीं. विश्वस्त एकंदर तेरा. पैकीं सात तहहयात. त्यांतील एखादी जागा रिकामी झाली तर ती उरलेल्या तहहयात विश्वस्तांनींच भरावयाची. बाकीचे सहा कायदेमंडळानें निवडावे. म्हणजे सरकारचा पैसा घ्यावा, सरकारचीं माणसें मंडळावर बसवावीं, पण बहुमत सरकारच्या हातीं कधींही जाऊं देऊं नये. मंत्री बदलला कीं संचालक बदलला, संचालक बदलला कीं धोरण बदललें, असे खेळ ज्यांनीं आपल्या शिक्षणसंस्थांत पाहिले आहेत त्यांस ह्या ‘सात आणि सहा’ची किंमत कळेल. उलट, स्वतःच स्वतःचे वारस निवडणारें मंडळ जुन्या मतांचें कोठार होऊन बसतें, हाही धोका त्यांतच आहे, आणि तो पुढें खरा ठरला.

मृत्युपत्रानें मिळालेली रक्कम कॉलेज उभारावयास पुरेशी नव्हती. संस्थानानें काय युक्ति काढली ती व्यापारीवर्गानें मुद्दाम ध्यानांत घ्यावी. रासायनिक खत विकणाऱ्यांवर टनामागें पाव डॉलर कर बसविला. त्या खतांत खडू-माती किती आणि खत किती हें तपासण्याचें काम कॉलेजच्या रसायनशाळेकडे दिलें. आणि कराचें उत्पन्न कॉलेजच्या पदरांत टाकलें. शेतकऱ्याची फसवणूक थांबली, प्रामाणिक व्यापाऱ्याच्या मालास पत आली, आणि कॉलेजला दरसालची बांधलेली प्राप्ति झाली. कितीएक वर्षें कॉलेजचा मुख्य आधार हाच होता. देणगीदाराच्या दारीं झोळी घेऊन उभें राहण्यापेक्षां ही रीत आम्हांस शतपटीनें अब्रूची वाटते.

ह्या सर्व खटपटीचा पुढारी बेंजामिन टिलमन. त्यानें चिडलेल्या शेतकऱ्यांची चळवळ उभारली, राजधानींतील जुन्या कॉलेजावर तोंडसुख घेतलें, १८९० सालीं गव्हर्नरपद मिळविलें. शेतकऱ्याच्या मुलाला विद्या मिळावी म्हणून झगडणारा हा मनुष्य काळ्या शेतकऱ्याचा मात्र हाडवैरी होता. १८९५ च्या संस्थानी घटनेंत काळ्यांचा मताधिकार जवळजवळ पुसून टाकण्यांत त्याचा हात मुख्य होता, आणि ह्या गोष्टीची त्यास लाज तर नव्हतीच, उलट घमेंड होती. लोककल्याणाची भाषा आणि अर्ध्या लोकांस लोकांतून वगळण्याची हिकमत एकाच तोंडांत सुखानें नांदूं शकतात, ह्याचा इतका ठळक दाखला क्वचित् सांपडेल.

१८९३ च्या जुलैंत कॉलेज उघडलें. पहिल्याच वर्षीं ४४६ विद्यार्थी. सगळे पुरुष, सगळे गोरे. इमारती कोणीं बांधल्या? तुरुंगांतून आणलेल्या कैद्यांनीं. त्यांतील बहुतेक काळे होते, आणि कित्येक क्षुल्लक अपराधांबद्दल पकडलेले. विटा भाजणें, जमीन साफ करणें, भिंती उभारणें हें सारें त्यांच्या हातून झालें. १८९४ च्या मे महिन्यांत मुख्य इमारत जळाली, तीही पुन्हां उभी राहिली. ज्या मजुरांनीं त्या भिंती रचल्या त्यांच्या मुलानातवांस त्या भिंतींच्या आंत विद्यार्थी म्हणून पाऊल टाकावयास सत्तर वर्षें लागलीं.

कॉलेज शेतकीचें, मग कवाईत कशाला? ह्याचें उत्तर १८६२ च्या जुलैंत अध्यक्ष लिंकन ह्यांनीं सही केलेल्या मॉरिल कायद्यांत आहे. प्रत्येक संस्थानास सरकारी जमिनी देऊन त्यांच्या उत्पन्नांतून शेतकी व यांत्रिक कलांचीं कॉलेजें काढावीं, असा तो कायदा. तो झाला तेव्हां यादवी ऐन भरांत होती आणि उत्तरेकडे अधिकाऱ्यांची टंचाई भासत होती. म्हणून शिक्षणक्रमांत लष्करी डावपेंचही असावेत, असे शब्द त्यांत घातले गेले. गंमत अशी कीं, ज्या दक्षिणेशीं लढण्यासाठीं हे शब्द लिहिले गेले त्याच दक्षिणेनें पुढें ते सर्वांत जास्त मनावर घेतले. इतर पुष्कळ कॉलेजांत कवाईत म्हणजे आठवड्यांतले दोन-तीन तास असत. क्लेम्सनमध्यें ती चोवीस तासांची होती. बिगुलाबरोबर उठणें, राखी रंगाचा गणवेश, बराकींत राहणें, पलटणीच्या रांगेनें भोजनगृहांत जाणें, खोलीची तपासणी, चुकेल त्यास शिक्षेच्या फेऱ्या. नव्या मुलांस ‘उंदीर’ म्हणत आणि त्यांचीं डोकीं भादरीत. लष्करी अधिकारी सरकारी फौजेंतून येई. १९१६ च्या कायद्यानें राखीव अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची योजना झाली आणि पुढल्याच वर्षीं ती क्लेम्सनमध्यें सुरू झाली.

गरीब शेतकऱ्याच्या मुलाच्या दृष्टीनें ह्या शिस्तीची एक बाजू चांगली होती. सर्वांस एक पोषाख, एक जेवण, एक खोली असल्यावर श्रीमंताच्या मुलास मिरवावयास जागा राहत नसे. आमच्याकडील वसतिगृहांत जातीजातींच्या पंगतींवरून किती वर्षें रणें माजलीं हें ज्यांस आठवतें, त्यांस एका रांगेंत बसून एक अन्न खाण्याचें शिक्षण लहान वाटणार नाहीं. परंतु बिगुल वाजवून आज्ञाधारकता उत्पन्न होते हा समज मात्र क्लेम्सनच्या मुलांनीं अनेकदां खोटा पाडला. १९०८ च्या पहिल्या एप्रिलास तीनशेंहून अधिक मुलें परवानगीवांचून उठून शेजारच्या पेंडल्टन गांवीं मौज करावयास चालतीं झालीं. कॉलेजनें त्या सर्वांस एकदम काढून टाकलें. १९२४ सालीं भोजनगृहांतील अन्नावरून आणि एका विद्यार्थ्याच्या शिक्षेवरून पुन्हां शेंकडों मुलें बाहेर पडलीं. सेनापति होण्यासाठीं वाढविलेल्या मुलांस बेचव अन्न निमूटपणें खाण्यास सांगणें कठीण असतें, हें त्या संस्थेच्या चालकांस आधींच कळावयास हवें होतें.

आणि तरीही प्रसंग आला तेव्हां तीच मुलें पुढें झालीं, हें कबूल केलें पाहिजे. १९१७ सालीं अमेरिका युद्धांत उतरतांच शेवटच्या वर्षाच्या संबंध वर्गानें अध्यक्ष विल्सन ह्यांस तार करून आपली सेवा देऊं केली. दुसऱ्या महायुद्धांत ह्या एका कॉलेजचे सहा हजारांहून अधिक माजी विद्यार्थी लढले, त्यांतील बहुतेक अधिकारी म्हणून; तीनशेंहून अधिक परत आले नाहींत. फिलिपीन्समधील बातानच्या मृत्युयात्रेंतून जिवंत परतलेले बेन स्कार्डन हे १९३८ चे क्लेम्सनचे पदवीधर; पुढें त्यांनीं त्याच कॉलेजांत इंग्रजी शिकविलें आणि २०२१ सालीं वयाच्या १०४ व्या वर्षीं ते वारले.

आतां कापडाकडे वळूं. १८८० सालीं संस्थानांतील गिरण्यांत सुमारें ८२ हजार चात्या होत्या. १९०० सालीं ती संख्या १४ लाखांवर गेली. वीस वर्षांत सतरापट. डोंगरपायथ्याच्या नद्यांचें पाणी, शेतांतून हुसकला गेलेला स्वस्त गोरा मजूर, आणि दाराशीं कापूस! नुसत्या चात्या मोजल्या तर विसाव्या शतकाच्या आरंभीं हें लहानसें संस्थान मॅसॅच्युसेट्सच्या खालोखाल आलें. पण गिरणीचा मॅनेजर, यंत्रांचा जाणकार, रंगाऱ्यांचा रसायनी हे सारे उत्तरेकडून आणावे लागत. फिलाडेल्फियांत वस्त्रशाळा १८८४ पासून होती, लोवेलमध्यें १८९० नंतरच्या दशकांत निघाली. दक्षिणेनें हा उसनवार थांबविण्याचें मनावर घेतलें, आणि १८९८ सालीं क्लेम्सनमध्यें वस्त्रविद्येचा विभाग सुरू झाला. दक्षिणेंतील अगदीं पहिल्या अशा विभागांत त्याची गणना होते. वेगळी इमारत बांधली, आणि तिच्यांत पिंजणापासून विणकामापर्यंतचीं यंत्रें ओळीनें मांडलीं. सरकी निघालेल्या कापसाची गांठ एका टोंकास आणि कापडाचा ताका दुसऱ्या टोंकास, अशी ती शाळा म्हणजे एक छोटी गिरणीच होती. त्या काळच्या वस्त्रशाळांस यंत्रें कमी दरांत किंवा फुकट देण्यांत कारखानदारांचा स्वार्थ असे: ज्या मागावर मुलगा शिकला तोच माग तो पुढें मॅनेजर होऊन मागवितो. आम्ही ह्यांत कांहीं वावगें मानीत नाहीं. स्वार्थाला विद्येच्या कामीं जुंपतां आलें तर जुंपावा.

धागा कोणत्या जातीच्या कापसाचा, पीळ इंचास किती, ओलावा किती असला म्हणजे सूत तुटत नाहीं, खळ कशी चढवावी, रंग उन्हांत कां उडतो, हे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या अंदाजानें सुटत आले होते. शाळेनें ते तराजू आणि सूक्ष्मदर्शकाखालीं आणले. अनुभव जातो त्या माणसाबरोबर. मोजमाप मागें राहतें आणि दुसऱ्यास देतां येतें. १९३८ सालीं वस्त्रविद्येसाठीं मोठी नवी इमारत झाली, तिला ग्रीनव्हिलच्या जोसेफ सिरिन ह्या गिरण्या बांधणाऱ्या एंजिनियराचें नांव दिलें. पुढें गिरणीमालकांनीं ह्याच नांवानें निधि उभारून विभागास पैसा पुरविला. कॉलेजच्या मुलांचे दोन पाय असे तयार झाले: एक बराकींत, एक गिरणींत. रुडॉल्फ अँडर्सन हा १९४८ चा वस्त्रविद्येचा पदवीधर. तो हवाई दलांत गेला आणि २७ ऑक्टोबर १९६२ रोजीं क्यूबावर टेहळणी करीत असतां त्याचें विमान पाडण्यांत आलें. ज्या तेरा दिवसांत जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभें होतें, त्यांत शत्रूच्या माऱ्यानें मेलेला तो एकच मनुष्य.

येथवर जमेची बाजू झाली. खर्चाची बाजू मांडल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं.

क्लेम्सनच्या वस्त्रशाळेंत गिरणीचे अधिकारी तयार झाले, गिरणीचे कामकरी नव्हेत. मजुराचा मुलगा त्याच वेळीं गिरणींत चात्यांपाशीं उभा होता. १९०३ सालीं संस्थानानें बालमजुरीचा कायदा केला तो इतका सावधपणें कीं, पहिल्या वर्षीं दहा, मग अकरा, आणि १९०५ पासून बारा वर्षांखालील मुलांस मनाई! १९१५ सालीं दुसरा कायदा झाला: काळ्या आणि गोऱ्या मजुरांनीं कापडाच्या गिरणींत एका खोलींत काम करतां कामा नये. दार, जिना, पाण्याचें भांडें, सगळें वेगळें. परिणाम असा झाला कीं, काळ्या मनुष्यास अंगणांत गांठी ओढणें आणि झाडलोट ह्यांपलीकडे गिरणींत जागा उरली नाहीं. खताच्या ज्या करावर कॉलेज चालत होतें तो कर कुळानें कापूस लावणाऱ्या काळ्या शेतकऱ्याच्या गोणीवरही होता. त्याचा मुलगा मात्र तेथें शिकूं शकत नव्हता. त्याच्यासाठीं १८९६ सालीं ऑरेंजबर्ग येथें वेगळें कॉलेज काढून देण्यांत आलें. अस्पृश्यांस गांवची विहीर बंद करून वेगळ्या विहिरीच्या खर्चाबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेणारे गांवकरी आपणही पाहिले आहेत. सबब ह्या गोष्टीवर नाक मुरडण्याचा अधिकार आपणांस बेताचाच आहे.

१९३४ च्या सप्टेंबरांत देशभर गिरणीकामगारांचा संप झाला. ६ तारखेस क्लेम्सनपासून फार दूर नसलेल्या हनीआ पाथ गांवीं चिकोला गिरणीच्या दाराशीं गोळीबार होऊन सात कामगार ठार झाले. गिरणीचा मुख्य अधिकारी आणि गांवचा मेयर हा एकच इसम होता, आणि बंदुका चालविणाऱ्यांत तात्पुरते शिपाई म्हणून नेमलेले लोक होते. एकाच प्रांतांत सूत आणि बंदूक हीं दोन्ही सुशिक्षित हातीं देण्याची सोय झाली होती. कामगाराचें म्हणणें ऐकून घेण्याची विद्या मात्र कोणत्याच अभ्यासक्रमांत नव्हती. आम्हांस विचाराल तर त्या संस्थानच्या शिक्षणव्यवस्थेंतील सर्वांत मोठें वैगुण्य तें हेंच.

महायुद्धाहून परतलेले जवान सरकारी मदतीनें शिकावयास आले, तेव्हां बराकी डळमळूं लागल्या. नॉर्मंडीचा किनारा चढून आलेल्या मनुष्यास ‘उंदीर’ म्हणून त्याचें डोकें कोण भादरणार? त्यांस गणवेशांतून सूट द्यावी लागली. १९५५ सालीं सक्तीची लष्करी शिस्त संपली आणि त्याच सालीं मुलींस पदवीसाठीं प्रवेश मिळाला. ऐच्छिक लष्करी शिक्षण पुढेंही चालू राहिलें. २८ जानेवारी १९६३ रोजीं हार्वे गँट हा पहिला काळा विद्यार्थी, न्यायालयाचा हुकूम हातीं घेऊन, शिल्पशास्त्राच्या वर्गांत दाखल झाला. तोच पुढें शार्लट शहराचा मेयर झाला. सात तहहयात विश्वस्तांच्या मंडळास जें सत्तर वर्षांत सुचलें नाहीं तें न्यायाधीशांस सुचवावें लागलें. १९६४ सालीं कॉलेजचें विश्वविद्यालय झालें. मुख्य इमारतीस १९४६ सालीं टिलमनचें नांव दिलें होतें. तें काढून जुनें नांव देण्याची मोकळीक मिळावी म्हणून विश्वस्तांनींच २०२० सालीं कायदेमंडळाकडे मागणी केली.

आणि गिरण्या? १९९० नंतरच्या वर्षांत त्या एकामागून एक बंद पडल्या; २००५ च्या आरंभीं परदेशी कापडावरील जुन्या कोट्यांची पद्धति संपली तेव्हां उरल्यासुरल्यांचाही कणा मोडला. वस्त्रविद्येचा स्वतंत्र विभाग पदार्थविज्ञानाच्या शाळेंत विलीन झाला. परंतु शिकलेला वर्ग शिल्लक राहिला. कापूस गेला तरी तंतूंचें शास्त्र उरलें.

आपल्याकडे ह्याच दोन विषयांचा इतिहास कसा गेला? मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर ह्यांनीं स्थापिली. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची वीरमाता जिजाबाई संस्था, १८८७ ची. तींत वस्त्रविद्या प्रथमपासून होती. म्हणजे क्लेम्सनच्या अकरा वर्षें आधीं आपण आरंभ केला होता. शस्त्रविद्येची मात्र गोष्ट उलटी. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें ज्या लोकांच्या घरांतील गंजकी तलवारही गुन्हा ठरविली, त्यांस कॉलेजांत बंदूक कोण देणार? १९२० नंतर विद्यापीठांच्या पलटणी निघाल्या त्या लहान प्रमाणावर. डेहराडूनचें लष्करी विद्यालय उघडावयास १९३२ साल उजाडलें. छात्रसेनेचा कायदा स्वराज्य मिळाल्यावर १९४८ सालीं झाला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर १९६३ सालीं ती कॉलेजांत सक्तीची केली आणि १९६८ सालीं पुन्हां ऐच्छिक केली. सक्ती उठल्यावर ती मेली नाहीं, हें क्लेम्सनच्या अनुभवाशीं जुळतें: ज्याला मनापासून हवी त्यालाच ती शिकवावी. मुलींस खडकवासल्याच्या प्रबोधिनीचें दार २०२१ सालीं सुप्रीम कोर्टाच्या हुकुमानें खुलें झालें आणि २०२२ सालीं त्यांची पहिली तुकडी दाखल झाली. येथेंही चालकांच्या आधीं न्यायाधीशच जागे झाले!

कापडाचा धंदा मुंबईंतून उठला. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानें सुमारें अडीच लाख कामगारांच्या चुली थंडावल्या, आणि त्या गिरण्यांच्या जागेवर आज मनोरे उभे आहेत. पण त्याच १९८२ सालीं इचलकरंजींत वस्त्रविद्येचें कॉलेज निघालें, ही गोष्ट किती जणांच्या ध्यानांत आहे? १९०४ सालीं विठ्ठलराव दातार ह्यांनीं जहागिरदारांच्या आश्रयानें जेथें पहिला यंत्रमाग बसविला त्या गांवानें ऐंशी वर्षांच्या आंत स्वतःसाठीं शाळा उभारली. मालेगांव, भिवंडी, सोलापूर ह्या गांवांत माग थोडे नाहींत. तेथील सूत, खळ, रंग, वीज ह्यांच्या उलाढालींत पैसाही थोडा नाहीं. अशा प्रत्येक गांवच्या व्यापारीसंघानें सुताच्या पेटीमागें अगर कापडाच्या गठडीमागें स्वखुषीनें एक लहानशी रक्कम ठरवून टाकावी, आणि तींतून सूत, रंग व कापड तपासणारी प्रयोगशाळा व तिला जोडून वस्त्रविद्येचे वर्ग चालवावे, अशी आमची सूचना आहे. तपासणीचा दाखला मिळाल्यानें मालाची पत वाढते, तेव्हां ही रक्कम धर्मादाय नव्हे, धंद्याचा खर्च आहे.

ज्या संघास असा ठराव करावयाचा असेल त्यानें विश्वस्तपत्र लिहितांना तीन कलमें वकिलाकडून आधीं घालून घ्यावीं. विश्वस्तांपैकीं कोणीही तहहयात नसावा आणि निदान दोन जागा माग चालविणाऱ्या कामकऱ्यांनीं निवडलेल्या माणसांच्या असाव्या. मागावर काम करणाऱ्यांच्या मुलांमुलींसाठीं राखलेल्या जागा उमेदवार मिळाले नाहींत म्हणून दुसऱ्यांस देऊं नयेत. त्या रिकाम्या राहिल्या तर पुढील वर्षीं तितक्या वाढवाव्या. आणि जमाखर्च दरसाल दिवाळीच्या आधीं गांवच्या वर्तमानपत्रांत छापावा. तो छापण्याचा आकार आम्ही घेणार नाहीं.